४० मिलिसेकंदांचा वाद

१८७५ साली एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात एकाच विषयावरचे दोन लेख लागोपाठ छापून आले. पहिला हायडेलबर्गच्या विल्हेल्म एर्ब यांचा, दुसरा बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांचा. दोघांनीही स्वतंत्रपणे एकच गोष्ट टिपली होती. रुग्णाचे पाय लोंबते ठेवून त्याला बसवले आणि गुडघ्याच्या वाटीखाली कंडरेवर हलका ठोका मारला, की पाय झटक्याने पुढे उडतो. अर्थ मात्र दोघांनी वेगळा लावला. एर्ब यांच्या मते ठोक्याची खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथून मांडीच्या स्नायूला हुकूम परत येतो. वेस्टफाल यांना एवढा फेरा मान्य नव्हता. ताणलेल्या स्नायूलाच तो धक्का थेट बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे एर्ब बरोबर ठरले. पण वेस्टफाल यांच्या निरीक्षणाने डॉक्टरांच्या हाती एक खात्रीची खूण दिली: उपदंशाने मज्जारज्जू पोखरला गेलेल्या रुग्णांचा पाय उडत नाही. तेव्हापासून हातोडी डॉक्टरांच्या बॅगेत जाऊन बसली, ती आजतागायत.

त्याच दशकात पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे नावाचा शरीरशास्त्रज्ञ माणसांना पळवत होता. त्याने बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी बसवली होती. पाऊल जमिनीवर दाबले गेले की ती हवा रबरी नळीतून धावणाऱ्याच्या हातातल्या लहानशा नोंदयंत्रापर्यंत पोहोचायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. पाऊल किती वेळ टेकले आणि दोन्ही पाय किती वेळ हवेत राहिले, हे माणसाला प्रथमच कागदावर दिसले.

एका बाजूला खुर्चीत बसलेला रुग्ण, दुसऱ्या बाजूला धावणारा गडी. या दोन धाग्यांची गाठ पडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. या विलंबाचे कारण शास्त्रज्ञांचा आळस नव्हे. प्रतिक्षिप्त क्रिया मोजायची तर पाय स्थिर हवा, सैल हवा आणि माणूस गप्प बसलेला हवा, हा तिच्या शोधातच दडलेला नियम होता. बसलेल्या पायाने जे सांगितले तेच धावणारा पायही सांगेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांतही प्रतिक्षिप्त क्रिया म्हटले की तोच लोंबता पाय आणि तीच हातोडी दिसते. धावणारे पाऊल तिथे सहसा नसते.

गृहीतकाला पहिला तडा खरे तर फार लवकर गेला होता. बुडापेस्टच्या एर्नो येन्ड्रासिक यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की रुग्णाने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढली, की गुडघ्याचा झटका मोठा होतो. हात ओढायचे आणि पाय जास्त उडायचा. डॉक्टरांनी हे दवाखान्यातली एक सोय म्हणून उचलले आणि आजही ते वापरतात. त्याचा अर्थ काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. दोन वर्षांनी अमेरिकेत वॉरन लोंबार्ड यांनी स्वतःच्याच गुडघ्यावर ठोके मारून त्यांचे मोजमाप ठेवले आणि ते १८८७ मध्ये एका नव्या मानसशास्त्रीय नियतकालिकाच्या पहिल्या खंडात छापले. थकवा, भूक, मरगळ आणणारी हवा आणि झोप यांनी झटका लहान होतो. विश्रांती, जेवण आणि जागेपणा यांनी मोठा होतो. मनाला हलवणारे संगीत ऐकले तरी तो बदलतो. यंत्रासारखी ठरलेली म्हणून जी क्रिया गाजत होती, ती खुर्चीत बसल्या बसल्याही एकसारखी राहत नव्हती. लोंबार्ड यांचा लेख वाचताना वाटते, पुढचे शतक याच लेखाच्या तळटीपा लिहीत होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा विषय ज्यांच्या नावाने ओळखला गेला ते म्हणजे चार्ल्स शेरिंग्टन. आधी लिव्हरपूल, १९१३ पासून ऑक्सफर्ड, आणि १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासोबत नोबेल. मेंदूचा वरचा भाग तोडलेल्या मांजरांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९२४ मध्ये एडवर्ड लिडेल यांच्याबरोबर त्यांनी मांडीचा स्नायू काही मिलिमीटर ओढून पाहिला. स्नायूने ओढीला तितक्याच हट्टाने उत्तर दिले आणि ओढ होती तोवर ते टिकवून धरले. मज्जातंतू कापताच तो स्नायू निर्जीव रबरासारखा झाला. ताणाला स्नायूने दिलेले हे उत्तर म्हणजे ताण-प्रतिक्षिप्त क्रिया. चालणे म्हणजे अशा क्रियांची साखळी, एकीचा शेवट म्हणजे दुसरीची सुरुवात, या कल्पनेला शेरिंग्टन यांच्या कामातून बळ मिळाले. मात्र साधी, सुटी प्रतिक्षिप्त क्रिया ही सोयीची कल्पना आहे, प्रत्यक्ष शरीरात ती तशी सापडणार नाही, हा इशारा त्यांनीच १९०६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात देऊन ठेवला होता. शिष्यांनी ग्रंथ वाचला, इशारा विसरले.

एकाने मात्र वेगळी वाट धरली. टॉमस ग्रॅहम ब्राउन हे लिव्हरपूलमध्ये शेरिंग्टन यांच्याच प्रयोगशाळेत होते. १९११ मध्ये त्यांनी मांजराच्या पायाकडून मज्जारज्जूकडे येणाऱ्या संवेदी मज्जातंतूंची मुळे कापली. आता पायाकडून कोणतीही खबर वर जाणार नव्हती, म्हणजे साखळी असेल तर ती तुटली होती. तरीही पाय ठेक्यात पुढेमागे हलत राहिले. चालण्याचा ठेका मज्जारज्जूच्या आतच जन्म घेतो. पायाकडून येणाऱ्या खबरा त्याला फक्त वळण लावतात, असा त्यांचा निष्कर्ष. मज्जारज्जूतले दोन अर्धे, एक वाकवणारा आणि एक ताठ करणारा, आळीपाळीने एकमेकांना दाबतात, अशी त्यांनी कल्पना केली. जवळपास अर्धशतक या कल्पनेकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या आंडर्स लुंडबर्ग आणि एल्झबिएटा यांकोव्स्का यांच्या गटाने ती पुन्हा उचलली.

ग्रॅहम ब्राउन यांचे आणखी एक आयुष्य होते, आणि त्याचा एक धागा हिमालयात येतो. कार्डिफला प्राध्यापक असताना ते आल्प्समधले नामवंत गिर्यारोहक झाले. १९२७ आणि १९२८ मध्ये फ्रँक स्माइथ यांच्या जोडीने माँ ब्लाँच्या ब्रेन्व्हा कड्यावर त्यांनी दोन नव्या वाटा काढल्या आणि नंतर त्या श्रेयावरून दोघांत कटुता आली. १९३६ च्या ब्रिटिश-अमेरिकन नंदादेवी मोहिमेतही ते होते, तेव्हा वय ५४. शिखरावर पोहोचले ते बिल टिलमन आणि नोएल ओडेल. ग्रॅहम ब्राउन खालीच राहिले. पायांना चालण्याचा ठेका कुठून मिळतो हे सांगणारा माणूस गढवालच्या चढणीवर धापा टाकत स्वतःची पावले मोजत असेल का, असा विचार मनात येतो. पुरावा काही नाही, पण विचार सोडवत नाही.

आता धावण्याकडे येण्यासाठी आणखी एक साधन हवे होते. ते १९१० मध्ये जर्मनीच्या पाउल हॉफमान यांनी दिले होते. हातोडीचा ठोका दर वेळी सारखा पडत नाही, म्हणून त्यांनी ठोकाच वगळला. गुडघ्याच्या मागच्या खळग्यातून पोटरीकडे जाणाऱ्या मज्जातंतूला त्यांनी विजेचा बारीक झटका दिला आणि पोटरीत उमटणारी विद्युतलहर नोंदवली. दोन लाटा दिसल्या. पहिली काही मिलिसेकंदांतच येते: झटका थेट स्नायूकडे गेल्याची ती खूण. दुसरी साधारण ३० मिलिसेकंदांनी: तोच झटका ताणाची खबर नेणाऱ्या तंतूंवरून वर मज्जारज्जूत जाऊन, तिथल्या पेशींना जागे करून, परत खाली आल्याची खूण. दुसऱ्या लाटेची उंची म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियेचे माप. १९५० मध्ये बाल्टिमोरच्या मॅग्लेडरी आणि मॅकडूगल यांनी तिला हॉफमान यांच्या आद्याक्षरावरून ‘एच-रिफ्लेक्स’ नाव दिले. बहुतेकदा ती पोटरीतल्या सोलियस या खालच्या चपट्या स्नायूत मोजली जाते.

याच सुमारास लंडनमध्ये पॅट्रिक मर्टन यांनी एक मोहक कल्पना मांडली. युद्धकाळातल्या यंत्रांमध्ये चूक आपोआप दुरुस्त करणारी सर्व्हो यंत्रणा अभियंत्यांना ठाऊक झाली होती. मर्टन म्हणाले, शरीरही तसेच चालत असेल. स्नायूंच्या पोटात ‘स्पिंडल’ नावाचे ताण मोजणारे सूक्ष्म अवयव असतात. मेंदू थेट स्नायूला नव्हे, तर या स्पिंडललाच हुकूम देत असेल, आणि स्नायू त्यांच्यामागून आपोआप येत असेल. १९५३ मध्ये ही मांडणी छापली गेली आणि अनेकांना पटली. ती खोटी पडली ती उप्सालामध्ये. कार्ल-एरिक हागबार्थ आणि ओके वालबो यांनी केसासारख्या बारीक टंगस्टनच्या सुया स्वतःच्याच हातांच्या मज्जातंतूंत टोचून घेतल्या आणि एकेका तंतूतून जाणारे संदेश ऐकले. हालचाल सुरू झाल्यावर स्पिंडल बोलत होते, आधी नव्हे. मेंदूचा हुकूम स्नायू आणि स्पिंडल या दोघांनाही जवळपास एकाच वेळी मिळत होता. कल्पना जितकी सुंदर, तितकी ती मोडताना शास्त्राला मजा येते, हे इथे दिसते.

धावण्याचा खरा झगडा १९७१ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सुरू झाला. जेफ्री मेल्व्हिल जोन्स आणि डग्लस वॉट यांनी माणसांना जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. आपल्या मर्जीने ठेका निवडायला सांगितला तर लोक सेकंदाला सुमारे दोन उड्या मारत. पोटरी अचानक ताणली तर तिला दोन उत्तरे मिळतात, असे त्यांना दिसले. एक लवकर येणारे आणि दुबळे, दुसरे सुमारे १२० मिलिसेकंदांनी येणारे आणि जोरदार. त्यांच्या दृष्टीने कामाचे उत्तर दुसरेच. पण उडीनंतर पाय जमिनीला टेकल्यापासून धक्का झेलण्याचे मुख्य काम तितक्या वेळात उरकूनही जाते. म्हणजे हे जोरदार उत्तर वेळेवर पोहोचत नव्हते. शिवाय पोटरीतली विद्युतलहर पाय टेकण्याच्या आधीच सुरू झालेली दिसत होती. निष्कर्ष स्पष्ट होता: जमीन येणार हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून स्नायू आधीच ताठ केले जातात, प्रतिक्षिप्त क्रियेला इथे फारसे काम नाही. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी माणसांना अचानक वरून सोडून दिले. पोटरी सुमारे ७५ मिलिसेकंदांत जागी झाली, जमीन लागण्याच्या आधीच. हे उत्तर पायातून नव्हे, तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवांतून येत असावे, असे त्यांना वाटले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिची वर्तमानपत्रात रोज गल्लत होते. शंभर मीटरच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजावर उसळी घेणे म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे. आवाज ऐकून, तो ओळखून, निर्णय घेऊन केलेली ती कृती आहे. म्हणूनच ॲथलेटिक्सचे नियम बंदुकीनंतर १०० मिलिसेकंदांच्या आत हललेल्या धावपटूला चुकीच्या सुरुवातीबद्दल दोषी धरतात: इतक्या लवकर हलला म्हणजे आवाज ऐकून हलला नाही, अंदाजाने हलला. मज्जारज्जूपुरती मर्यादित ताण-प्रतिक्षिप्त क्रिया याहून कितीतरी वेगवान आहे. आणि पाऊल जमिनीवर फार वेळ राहत नसल्यामुळे धावण्यात तोच वेग महत्त्वाचा ठरतो. सावकाश धावणाऱ्याचे पाऊल साधारण पाव सेकंद टेकलेले असते. अव्वल वेगवान धावपटूचे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकेच.

मेल्व्हिल जोन्स यांचा निष्कर्ष जर्मनीतल्या फ्राइबुर्कमध्ये तपासून पाहिला गेला. हॉफमान यांनी आयुष्याचा बराच काळ याच विद्यापीठात शिकवले होते, हा योगायोग. फोल्कर डिट्झ हे मज्जाविकारतज्ज्ञ, डीटमार श्मिटब्लायखर हे क्रीडाशास्त्रज्ञ आणि योहान्स नोट यांनी १९७९ मध्ये धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसांच्या पोटरीवर इलेक्ट्रोड लावले. मेल्व्हिल जोन्स यांनी दुबळे म्हणून बाजूला सारलेल्या पहिल्या उत्तराकडे त्यांनी लक्ष दिले. पाऊल टेकल्यावर सुमारे ४० मिलिसेकंदांनी विद्युतलहर एकदम उसळत होती, इतकी की स्वतःहून पोटरी पूर्ण ताकदीने आवळली तरी ती तेवढी उसळत नाही. मग त्यांनी एक कठोर पण साधा प्रयोग केला. मांडीभोवती पट्टा बांधून रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवला. ताणाची खबर नेणारे जाड तंतू रक्त न मिळाल्यास आधी बंद पडतात. स्नायूला हुकूम नेणारे तंतू बराच वेळ टिकतात. त्या मधल्या काळात धावायला सांगितले, तेव्हा पाय टेकण्याआधीची तयारी तशीच राहिली, पण ४० मिलिसेकंदांनंतरची उसळी खाली आली. म्हणजे तयारी मेंदूची, उसळी मज्जारज्जूची. दोन्ही गोष्टी एकाच पावलात होत्या. कॅनडात १२० पाहणाऱ्यांना आणि फ्राइबुर्कमध्ये ४० पाहणाऱ्यांना पोटरीच्या एकाच कामाची दोन टोके सापडली होती.

या काळात दुसऱ्या बाजूने आणखी एक धक्का येत होता. गोथेनबर्गमध्येच १९७५ मध्ये हान्स फोर्सबर्ग, स्टेन ग्रिलनर आणि सर्ज रोसिन्योल यांनी मज्जारज्जू तोडलेल्या, ट्रेडमिलवर चालणाऱ्या मांजरांच्या पंजाच्या वरच्या बाजूला हलका स्पर्श केला. पाय हवेत असेल तर मांजर पाय आणखी उचलायचे, जणू वाटेत काहीतरी अडथळा आहे. पण तोच पंजा जमिनीवर असताना तोच स्पर्श केला तर पाय आणखी ताठ होऊन जमीन रेटायचा. उत्तर नुसते लहानमोठे झाले नव्हते, ते पुरते उलटे झाले होते. ज्या पायावर शरीराचे वजन आहे तो उचलला तर मांजर पडेल, हे मेंदूपासून तोडलेल्या मज्जारज्जूलाही ठाऊक होते.

माणसांतही हेच आढळले. नेदरलँड्सच्या नायमेखेनमध्ये जाक डाउसेन्स यांनी डिट्झ यांच्याबरोबर पावलाच्या कडेच्या त्वचेला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूला घोट्यापाशी हलके विद्युत झटके दिले, आधी चालणाऱ्यांना, मग ट्रेडमिलवर सावकाश धावणाऱ्यांना. दुखापत नाही, फक्त कशाला तरी पाय लागल्यासारखा स्पर्श. सुमारे ८० मिलिसेकंदांनी येणारे उत्तर पावलाच्या टप्प्यानुसार बदलत होते. पाय नुकताच हवेत उठलेला असताना नडगीचा पुढचा स्नायू पाऊल वर उचलायला जोर धरायचा. तोच झटका पाय जमिनीवर येण्याच्या बेतात असताना दिला, तर तोच स्नायू शांत व्हायचा, म्हणजे पाऊल पटकन टेकता यावे. दारात उंबऱ्याला ठेच लागली तरी बहुतेक वेळा आपण पडत नाही, त्यामागे मज्जारज्जूचे हे वेळापत्रक आहे. डिट्झ पुढे झुरिचच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेले आणि कण्याला इजा झालेल्या रुग्णांना ट्रेडमिलवर चालवण्याच्या उपचारात त्यांनी याच ज्ञानाचा वापर केला.

चालण्याधावण्यात प्रतिक्षिप्त क्रिया किती मोठी असते, या प्रश्नाचा सर्वात प्रसिद्ध अध्याय मात्र कॅनडाच्या एडमंटनमध्ये लिहिला गेला. अल्बर्टा विद्यापीठातल्या चार्ल्स कॅपाडे आणि रिचर्ड स्टाइन यांनी १९८६ मध्ये माणसांना ट्रेडमिलवर चालवले आणि हॉफमान यांचा झटका पावलाच्या प्रत्येक टप्प्यावर दिला. खूप मेहनतीचे काम होते ते. संगणक पावलाची फेरी ओळखायचा, ठरलेल्या क्षणी झटका द्यायचा, आणि पहिल्या लाटेवरून झटका दर वेळी सारखाच पोहोचला की नाही हे तपासले जायचे. जे दिसले ते स्पष्ट होते. पाय हवेत असताना दुसरी लाट जवळजवळ नाहीशी होते. पाय टेकल्यावर हळूहळू वाढत जाते आणि पाऊल ढकलून सोडण्याच्या वेळी सर्वात मोठी होते. त्यांनी स्नायूची विद्युत-सक्रियता सारखी ठेवून उभ्या माणसाशी तुलना केली, तेव्हा कळले की उभे राहताना हे उत्तर चालण्यापेक्षा साडेतीन पट मोठेही असू शकते. स्नायू तितकाच आवळलेला, मज्जातंतूला झटका तितकाच, पण उत्तर वेगळे. मज्जारज्जू खबर आत येऊ देण्याच्या दारातच तिला अडवतो, म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याचे बटण तो पावलागणिक फिरवतो.

पुढच्याच वर्षी त्यांनी धावणाऱ्यांवर हेच केले. धावताना पोटरीतली विद्युत-सक्रियता चालण्यापेक्षा जास्त असते, पण तितक्याच सक्रियतेला मिळणारे प्रतिक्षिप्त उत्तर आणखी लहान होते. उभे राहताना सर्वात मोठे, चालताना लहान, धावताना त्याहून लहान. अर्थ छान जुळत होता. धावताना मेंदूच स्नायूला जोरात चालवत असतो. त्यावर प्रतिक्षिप्त क्रियाही तितक्याच जोराने आली तर स्नायू आपल्या मर्यादेला जाऊन थबकेल, यंत्रणा हेलकावे खाईल. म्हणून ती दाबून ठेवायची. पुढची दहाबारा वर्षे अनेक पुस्तकांत हेच चित्र होते, आणि त्याबद्दल फारशी शंका घेतली गेली नाही.

१९९९ मध्ये कोपनहेगनहून एक वेगळा आवाज आला. एरिक सिमॉन्सन आणि पाउल ड्यूरे-पाउलसेन यांनी माणसांना ताशी ४.५ किलोमीटर वेगाने चालवले आणि ८, १२ व १५ किलोमीटर वेगाने धावायला लावले. त्यांना शंका होती ती मोजपट्टीबद्दल. धावताना कातडी स्नायूवरून सरकते, गुडघ्यामागचा इलेक्ट्रोड मज्जातंतूपासून जरासा दूर जातो आणि परत येतो, स्नायूचा आकार बदलतो. पहिली लाट स्थिर ठेवली म्हणजे सगळे सारखे झाले, असे एडमंटनने मानले होते. पण सर्वात मोठ्या झटक्याला स्नायू जे कमाल उत्तर देतो तेच पावलाच्या फेरीत बदलत असेल तर? म्हणून डॅनिश गटाने दर वेळी दुसऱ्या लाटेनंतर लगेच एक कमाल झटका दिला आणि त्या क्षणाच्या कमाल उत्तराशी तुलना केली. मोजपट्टी दर पावलाला नव्याने आखली, म्हणा ना. ती पट्टी प्रत्येक माणसात खरोखरच फेरीगणिक हलत होती, आणि प्रत्येक माणसात आपापल्या पद्धतीने हलत होती.

हलती पट्टी धरून मोजले तेव्हा निकाल फिरला. चालण्यापेक्षा १२ आणि १५ किलोमीटर वेगाने धावताना दुसऱ्या लाटेचा सर्वोच्च बिंदू उंच होता. गंमत म्हणजे त्याच माहितीचा जुन्या पद्धतीने, पावलाच्या फेरीचे १६ तुकडे करून आणि उभ्या माणसाची पट्टी वापरून हिशेब केला, तेव्हा लहानशी, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारी घट दिसली. एकच माणूस, एकच पोटरी, एकच झटका. मोजण्याची रीत बदलली आणि धावताना प्रतिक्षिप्त क्रिया दबते की उफाळते याचे उत्तर उलटे झाले. विज्ञानाच्या इतिहासात हे नवे नाही, पण इतक्या स्वच्छपणे एकाच लेखात क्वचित दिसते. पाय हवेत असताना ती दबते आणि जमिनीवर असताना खुलते, हे मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच होते. वाद फक्त किती खुलते याचा.

मोठी असो वा लहान, ती धावणाऱ्या पायाच्या काही कामाची आहे का, हा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी ती दाबून पाहायला हवी होती. रक्तपुरवठा थांबवणे हा धावणाऱ्यांसाठी काही सुखाचा मार्ग नव्हे. २०११ मध्ये नील क्रोनिन, क्रिस्टोफर कार्टी आणि रॉड बॅरेट यांनी टाचेमागच्या कंडरेवर एक लहान कंपनयंत्र बांधले, सेकंदाला ९० कंपने देणारे. कंपनाने ताणाची खबर नेणारे तंतू इतके गुंतून जातात की पाऊल टेकल्याची खबर ते नीट पोहोचवू शकत नाहीत. दहा निरोगी माणसे शक्तिमापक लावलेल्या ट्रेडमिलवर ताशी ७ ते १५ किलोमीटर वेगाने धावली, कधी कंपनासह, कधी त्याशिवाय.

कंपन चालू असताना पाऊल टेकल्यानंतरची लवकरची विद्युत-उसळी सर्व वेगांत खाली आली. ७ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान त्याबरोबर घोटा क्षणभर खचलाही: पाऊल टेकल्यावर लगेच, थोडासा, पण मोजता येईल इतका. मज्जारज्जूचे ते चटकन येणारे उत्तर नसते, तर सावकाश धावणाऱ्याचा घोटा दर पावलाला असाच बसला असता. डिट्झ यांची ४० मिलिसेकंदांनंतरची उसळी इथे खरोखर घोट्याला आधार देत होती.

१५ किलोमीटरला उसळी तशीच दबलेली होती, पण घोटा खचला नाही. तिथे पाऊल टेकण्याआधीच पोटरी इतकी ताठ केलेली असते, आणि पाऊल जमिनीवर इतके थोडे टिकते, की मज्जारज्जूच्या हुकुमाची ताकद पोहोचेपर्यंत काम उरकलेले असते. १९७१ मध्ये माँट्रियलमध्ये उड्या मारणाऱ्यांकडे पाहून मेल्व्हिल जोन्स जे म्हणाले होते ते या वेगाला लागू पडत होते, आणि फ्राइबुर्कचे म्हणणे त्याखालच्या वेगांना. दोन्ही गट बरोबर होते, पण वेगवेगळ्या वेगांना.